वसईचा किल्ला पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी: बंदराकडून सुरू करावयाची पायपीट

मी वसईचा किल्ला पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा मे महिना होता आणि सकाळचे अकरा वाजून गेले होते. रिक्षाने जिथे सोडले तिथून डांबरी रस्त्याने आत शिरलो, उन्हात दीड तास हिंडलो, मोडकळीस आलेली दोन चर्च आणि एक देऊळ पाहिले आणि घामाघूम होऊन परतलो. घरी आल्यावर किल्ल्याचा आराखडा समोर घेतला, तेव्हा कळले की किल्ल्याच्या दोन मुख्य दरवाजांपैकी एकही मी पाहिला नव्हता. ज्या भिंतीच्या सावलीत बसून पाणी प्यायलो होतो, ती बालेकिल्ल्याची होती आणि तेही मला ठाऊक नव्हते. त्यानंतर अनेकदा गेलो, चुकत चुकत एक क्रम बसवला. तो इथे सविस्तर देत आहे, म्हणजे पहिल्याच भेटीत तुमच्या हाती किल्ला लागेल.

१. जाण्याआधी समजून घ्यावयाची एक गोष्ट

रायगड, राजगड पाहून तयार झालेली आपली नजर किल्ल्यात गेल्यावर माची, तटावरचा कडा, पाण्याची टाकी असे काही शोधू लागते. वसईत ती नजर कामाची नाही. हे तटबंदीने वेढलेले शहर होते. त्यात रस्ते होते, न्यायालय होते, तुरुंग होता, रुग्णालय होते, निरनिराळ्या धर्मसंघांचे मठ होते आणि पोर्तुगीज घराण्यांचे वाडे होते. शहर म्हणून पाहिले नाही, तर इथे केवळ झाडीत उभ्या असलेल्या सुट्या भिंती दिसतात.

थोडा कालक्रम मनात ठेवून गेलात तर प्रत्येक भिंत कोणत्या काळात ठेवायची हे उमगते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटे त्याच प्रदेशात होती. पुढे ती बेटे १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला मिळाली, परंतु वसई पोर्तुगीजांकडेच राहिली आणि त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे बनली. चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मे १७३९ मध्ये किल्ला जिंकला आणि वसईला ‘बाजीपूर’ हे नाव दिले. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडार्डच्या इंग्रजी सैन्याने तो घेतला, सालबाईच्या तहानंतर तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला. पेशवाईच्या अखेरीचा प्रवास ज्या तहापासून सुरू झाला असे आपण शाळेत शिकलो, तो हाच.

म्हणजे सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीज, नंतर सुमारे साठ-सत्तर वर्षे मुख्यतः मराठे आणि मग इंग्रज, असा हा क्रम आहे. एवढे पाठ असले तरी पुरेसे आहे.

२. केव्हा जावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यातील हिरवी छायाचित्रे पाहून अनेकांना जुलैत जाण्याचा मोह होतो. मी तसा एकदा गेलो आणि तो निर्णय चुकीचा ठरला. तटावरच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात, गुडघाभर गवतात विहिरीचे कठडे आणि उखडलेली फरसबंदी दिसत नाही, आणि सापांचा धोका असतो. ज्या थडग्यांवरचे लेख वाचायला जायचे, त्यांच्यावरही चिखल साचलेला असतो. उन्हाळ्यात खाडीवरचा दमटपणा माणसाला तासाभरात थकवतो.

दिवसातील वेळेबाबत माझा आग्रह आहे की सकाळी आठपर्यंत किल्ल्यात असावे. कोरीव अक्षरे तिरप्या उन्हात उठून दिसतात; माध्यान्हीच्या उन्हात तोच दगड सपाट वाटतो. किमान चार तास हाताशी ठेवावेत. शनिवार-रविवारी गर्दी आणि छायाचित्रे काढणारी मंडळी बरीच असतात. शक्य असल्यास आठवड्यातील मधला दिवस निवडावा.

३. सोबत काय घ्यावे

किल्ल्यात प्रवेशासाठी तिकीट नाही, त्यामुळे कोणतेही आरक्षण करावे लागत नाही. तरीही पुढील वस्तू जवळ असाव्यात:

– कोणतेही एक ओळखपत्र.
– माणशी किमान दोन लिटर पाणी. आतल्या टपऱ्यांवर विसंबून राहू नये, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवशी.
– जाड तळव्यांचे बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ पँट. झुडपांत काटे आणि डास दोन्ही भरपूर आहेत.
– चांगली विजेरी. मोबाइलचा दिवा जिन्यांसाठी अपुरा पडतो आणि बॅटरीही संपवतो.
– मऊ केसांचा एक लहान ब्रश. थडग्यावरचा वाळलेला पाला बाजूला सारण्यासाठी तो उपयोगी पडतो; दगड घासण्यासाठी मात्र तो वापरू नये.
– किल्ल्याच्या आराखड्याची कागदावरची प्रत.

शेवटच्या वस्तूबद्दल दोन वाक्ये अधिक लिहितो. मोबाइलवरील नकाशात किल्ल्याचे ठिकाण एका खुणेने दाखवलेले असते, परंतु तटाची लांबी सुमारे साडेचार किलोमीटर आहे. त्या एका खुणेकडे चालत गेल्याने कुठेतरी मध्येच पोहोचायला होते. आराखडा हातात धरून, समोरच्या भिंतीशी तो ताडून पाहत चालणे हाच खरा उपाय आहे.

स्वच्छतागृहाची सोय स्टेशनवर किंवा वसई गावात आधीच उरकून घ्यावी. ज्येष्ठ व्यक्ती किंवा लहान मुले सोबत असतील तर हे विसरू नये.

४. कसे पोहोचावे आणि कुठे फसगत होते

पश्चिम रेल्वेच्या विरारकडे जाणाऱ्या लोकलने वसई रोड स्थानकावर उतरावे. चर्चगेटहून जलद लोकलला साधारण सव्वा तास लागतो. सकाळी मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी कमी असते. कामाच्या दिवशी संध्याकाळी मात्र विरार लोकलमध्ये चढणे नवख्या माणसाने टाळलेलेच बरे. पनवेल-दिवा बाजूने येणाऱ्यांसाठी दिवा-वसई मार्गावरच्या गाड्या आहेत, पण त्या मोजक्याच असल्याने वेळापत्रक आधी पाहावे. रविवारी जाणार असाल तर रेल्वेचा ब्लॉक आहे का, हे आदल्या दिवशी तपासावे.

इथली पहिली फसगत नावांची आहे. ‘वसई रोड’ हे स्थानक आणि ‘वसई गाव’ हे मूळ गाव या दोन वेगळ्या जागा आहेत आणि किल्ला गावाच्याही पुढे, खाडीच्या तोंडाशी आहे. स्थानकापासून किल्ला सहा-सात किलोमीटर दूर असल्याने चालत जाण्याचा विचार करू नये. स्थानकाच्या पश्चिमेकडून वसई गावाकडे बस आणि शेअर रिक्षा मिळतात. बसची पाटी ‘वसई गाव’ असेल तर ती गावातच थांबते. ‘किल्लाबंदर’ अशी पाटी असेल तर ती किल्ल्यातून पुढे जाते. चढण्यापूर्वी वाहकाला “किल्लाबंदरला जाते का?” असे स्पष्ट विचारावे. नुसते “किल्ल्याला जायचे आहे” म्हटले तर बहुतेक वेळा तटाच्या पहिल्या खिंडाराजवळ उतरवले जाते, आणि माझ्या पहिल्या भेटीत नेमके तेच झाले होते.

दुसरी फसगत अर्नाळ्याची आहे. अर्नाळ्याचा जलदुर्ग वेगळा. त्यासाठी विरारला उतरून समुद्रकिनाऱ्यावर जावे लागते आणि पुढे होडी लागते. दोन्ही किल्ले एका दिवसात उरकण्याचा बेत करू नये.

भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये खाडीतून रो-रो बोट २०२४ पासून सुरू झाली आहे. ती ज्या दिवशी चालू असेल त्या दिवशी तिनेच यावे, असे मी आवर्जून सांगेन. हा किल्ला ज्यांनी बांधला ते पाण्यावरून आले होते, आणि तट पाण्यावरून जसा दिसतो तसा रस्त्यावरून कधीच दिसत नाही.

५. सुरुवात सागरदरवाजापासून करावी

किल्लाबंदरला उतरल्यावर लगेच मागे वळू नये. तिथे कोळीवाडा आहे, होड्या लागलेल्या असतात, मासळी वाळत घातलेली असते. हे लोकांचे घर आणि कामाची जागा आहे. त्यांच्या अंगणातून जाताना विचारून जावे आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये. धक्क्यावर उभे राहून एकदा खाडीकडे पाहावे. उल्हास नदीचे पाणी इथे समुद्राला मिळते. या मुखावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती आतल्या ठाणे-कल्याणपर्यंतच्या जलमार्गाची किल्ली, हे इथे उभे राहिल्यावर नकाशाशिवायही समजते.

तिथून सागरदरवाजाकडे यावे. पोर्तुगीज त्याला ‘पोर्ता दो मार’ म्हणत. शहरात येणारा माल, पाद्री, अधिकारी, गुलाम आणि व्यापारी या दरवाजाने आत येत. आत शिरताना दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी आणि कमानीचे घडीव दगड पाहावेत. भिंतीचा गाभा ओबडधोबड दगड आणि चुन्याचा आहे. कोपरे, चौकटी आणि कमानी मात्र बारकाईने घडवलेल्या दगडाच्या आहेत. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढे सगळीकडे त्याचा उपयोग होतो. अनेक खिडक्या-दारांभोवती आज नुसता खडबडीत खळगा दिसतो, कारण तिथले घडीव दगड केव्हाच काढून नेले गेले आहेत.

या परिसरातील दगडाला त्या काळी दूरवर मागणी होती. जुन्या गोव्यातील बाँ जेझुस बासिलिका तुम्ही पाहिली असेल, तर तिच्या दर्शनी भागातील काळसर घडीव दगड आठवून पाहा. तो बसाल्ट वसईकडून जहाजाने गेलेला आहे. गोव्यात मूळ दगड जांभा, म्हणून तो काळा दगड तिथे इतका वेगळा उठून दिसतो.

६. सेंट जोसेफ: शहराचे मुख्य चर्च

सागरदरवाजातून आत आल्यावर जवळच उंच मनोरा असलेले सेंट जोसेफ कॅथेड्रल दिसते. त्याची उभारणी सोळाव्या शतकाच्या मध्यात झाली आणि १६०१ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात त्याची पुनर्बांधणी झाली. तसा लेख दारावर कोरलेला आहे. तो शोधण्यासाठी दाराच्या बरोबर समोर न थांबता थोडे बाजूला उभे राहावे, म्हणजे अक्षरांच्या कडांवर सावली पडते.

मनोऱ्यात वर्तुळाकार जिना आहे आणि तो चढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पायऱ्या झिजलेल्या आणि अंधाऱ्या आहेत, वर कठडा भरवशाचा नाही. वाट बंद केलेली असेल तर अडथळा ओलांडू नये आणि उघडी असली तरी मुलांना घेऊन चढू नये.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. “मराठ्यांनी चर्च पाडली” असे वाक्य किल्ल्यात हिंडताना हमखास कानावर पडते. मला एकदा पैसे घेऊन माहिती सांगणाऱ्या एका माणसाने ते ठामपणे सांगितले होते. वेढ्यात तोफांनी आणि सुरुंगांनी नुकसान झाले हे खरे, परंतु आज दिसणारे भग्नपण एका दिवसाचे नाही. बहुतेक छपरे लाकूड आणि कौलांची होती. वस्ती गेली, देखभाल थांबली आणि काही पावसाळ्यांनंतर ती कोसळली. १७८० च्या इंग्रजी वेढ्यात पुन्हा तोफा डागल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याच्या आत उसाची लागवड आणि साखर कारखान्याचा प्रयोगही झाला. दगड उचलले गेले, वड-पिंपळाची मुळे सांध्यांत शिरली. प्रत्येक भिंतीसमोर उभे राहून ती कशामुळे पडली असेल याचा विचार करावा. ज्या भिंतीत तुळयांसाठीच्या खाचा शाबूत आहेत ती भिंत तोफेने पडलेली नाही, हे आपले आपल्याला दिसते.

७. मठ आणि थडगी: इथे सर्वाधिक वेळ द्यावा

वसईत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन अशा चार प्रमुख धर्मसंघांची ठाणी होती. प्रत्येकाची बांधणी सारखीच होती: एक चर्च, त्याला लागून मधोमध चौक असलेला मठ आणि चौकाभोवती कमानींची ओवरी. एका मठात हा आराखडा नीट समजून घेतला की उरलेले तीन सहज ओळखू येतात.

जेझुइटांचे चर्च त्याच्या दर्शनी भागावरून ओळखावे. दाराच्या दोन्ही बाजूंना नक्षीदार स्तंभ आहेत आणि संपूर्ण किल्ल्यातील हे सर्वांत सुबक दार आहे, असे माझे मत आहे. स्थानिक लोक या जागेला गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखतात. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, जेझुइटांच्या सहवासात वाढले, पुढे व्यापारासाठी जपानकडे गेले आणि नंतर फ्रान्सिस्कन बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मृत्युदंड देण्यात आला, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. वसईच्या ख्रिस्ती समाजासाठी ही जागा आजही श्रद्धास्थान आहे. मोडकळीस आलेली इमारत म्हणून इथे पादत्राणांनिशी वेदीवर चढणे, वेदीवर बसून खाणे-पिणे किंवा मोठ्याने गाणी लावणे अत्यंत अनुचित आहे. आपल्या देवळाच्या गाभाऱ्यात जे करणार नाही, ते इथेही करू नये.

फ्रान्सिस्कनांचे संत अँथनीचे चर्च मला व्यक्तिशः सर्वांत जवळचे वाटते, आणि त्याचे कारण तिथली जमीन आहे. आत शिरल्यावर लोकांची नजर कमानींकडे जाते. तुम्ही मात्र खाली पाहावे. फरशी म्हणून जे मोठे दगड दिसतात त्यांतले अनेक दगड थडग्यांचे आहेत आणि त्यांवर पोर्तुगीज भाषेत लेख आहेत. भाषा येत नसली तरी पाच-सहा शब्द ओळखता आले की बराचसा लेख उलगडतो. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगे. ‘सेउस एर्देइरोस’ म्हणजे त्याचे वारस. एकाच थडग्यात पुढे घरातील इतरांनाही जागा मिळावी म्हणून हे शब्द कोरलेले असत. ‘मोल्येर’ म्हणजे पत्नी, ‘फाल्येसेउ’ म्हणजे निवर्तला किंवा निवर्तली, आणि ‘एरा’ या शब्दानंतर बहुधा सन येतो. ‘दोम’ किंवा ‘दोना’ हा मानाचा उपपद दिसला तर ती व्यक्ती उच्च कुळातील समजावी. अक्षरे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: रोमन लिपीतील ‘यू’च्या जागी त्या काळी ‘व्ही’सारखे चिन्ह कोरत, आणि जागा वाचवण्यासाठी दोन अक्षरे एकमेकांत गुंफत किंवा शब्द अर्ध्यावर तोडत.

एका सकाळी मी एकाच दगडासमोर जवळजवळ पाऊण तास बसलो होतो. शेवटी नवरा-बायकोची नावे आणि सन हाती लागले. हजारो मैलांवरून आलेले एक घर इथल्या मातीत विसावले आहे, हे त्या दगडातून मला जेवढे कळले तेवढे कोणत्याही फलकातून कळले नव्हते.

लेख वाचण्यासाठी खडू, कोळसा, पाणी किंवा तेल दगडावर लावू नये, आणि कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसाही घेऊ नये. विजेरी जमिनीलगत आडवी धरली की अक्षरे आपोआप दिसू लागतात. छायाचित्रही तसाच प्रकाश टाकून काढावे आणि सावकाश घरी वाचावे.

८. बालेकिल्ला

शहराच्या आत एक छोटा, स्वतंत्र तट असलेला भाग आहे, तोच बालेकिल्ला. किल्ल्याचा हा सर्वांत जुना पोर्तुगीज भाग. गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या आज्ञेवरून गार्सिया द सा याने १५३६ च्या सुमारास तो उभारला. पुढे वस्ती वाढली, संपत्ती वाढली आणि तिच्याभोवती मोठा तट बांधला गेला. म्हणून बालेकिल्ला आधी आणि शहराचा तट नंतर, हा क्रम मनात पक्का करावा. मी तो बराच काळ उलटा समजत होतो.

बालेकिल्ल्याच्या प्रवेशद्वारावर तीन चिन्हे शोधावीत: पोर्तुगालचे राजचिन्ह, कड्या एकमेकांत गुंफलेला खगोलाचा गोल आणि क्रूस. राजसत्ता, नौकानयन आणि धर्म या तीन गोष्टींचा दाखला म्हणून ती चिन्हे पोर्तुगीज ठाण्यांवर कोरली जात. अशी चिन्हे दीवपासून गोव्यापर्यंत ठिकठिकाणी दिसतात, त्यामुळे इथे ओळख झाली तर पुढे रेवदंडा किंवा कोर्लई पाहताना ती उपयोगी पडेल.

९. तट, बुरूज आणि १७३९ चा वेढा

तटाची पूर्ण फेरी पहिल्या भेटीत करू नये. काही भागांत झाडी दाट आहे, काही ठिकाणी दलदल आणि खारफुटी आहे. एखाद-दुसरा बुरूज नीट पाहिला तरी पुरे. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोलसर असतात, तर इथले बुरूज बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले आहेत. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात येऊन चिकटलेल्या शत्रूवर शेजारच्या बुरुजावरून मारा पोहोचत नाही. टोकदार बुरुजाच्या बाबतीत शेजारच्या बुरुजावरील तोफ त्याच्या कडेने सरळ मारा करू शकते. तोफांच्या युगात युरोपात ही रचना विकसित झाली आणि वसईत तिचे उत्तम उदाहरण आहे.

हे समजल्यावरच मराठ्यांच्या विजयाचे मोल कळते. १७३७ मध्ये साष्टी आणि ठाणे घेतल्यानंतर दोन वर्षे ही मोहीम चालली. डोंगरी लढाईत तरबेज असलेल्या सैन्याला इथे सपाट जमिनीवर, दलदलीत, टोकदार बुरुजांच्या माऱ्याखाली मोर्चे पुढे सरकवावे लागले. अखेर बुरुजांखाली सुरुंग लावून तट फोडण्यात आला. सेबेस्टियन बुरुजाकडील भगदाडाचा त्यात मोठा वाटा होता. दोन्ही बाजूंची मोठी हानी झाली. १६ मे १७३९ रोजी तह झाला आणि पोर्तुगीज सैन्याला व रहिवाशांना सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. विजयाइतकाच हा तपशीलही अभिमानाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

इथे नावाचा एक सापळा आहे. ‘सेबेस्टियन’ हे नाव तटावरील एका बुरुजाला आहे आणि पोर्तुगीज लेखनात संपूर्ण किल्ल्यालाही तेच नाव दिलेले आढळते. आराखडा वाचताना किंवा कोणाला वाट विचारताना ‘सेबेस्टियन बुरूज’ असे पूर्ण म्हणावे.

या बाजूला एक अरुंद, अंधारे भुयार आहे. त्यात वटवाघळे असतात आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचीही शक्यता असते. जाणकार सोबत नसेल तर आत शिरू नये. शिरलात तर किमान तिघे असावेत, प्रत्येकाकडे विजेरी असावी आणि एकाने तोंडाशी थांबावे.

१०. देवळे, स्मारक आणि घंटांचा माग

किल्ल्यात नागेश्वर महादेव, वज्रेश्वरी आणि मारुती यांची देवळे आहेत. तिथे नित्य पूजा होते. चिमाजीअप्पांचे स्मारक रस्त्यालगत असल्याने सहज सापडते. स्मारकासमोर उभे राहून पाहणी संपवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. स्मारक शेवटी पाहिले तर त्याआधी पाहिलेला प्रत्येक बुरूज त्यात जमा होतो, म्हणून मी ते क्रमाने दहावे ठेवले आहे.

चर्चच्या मनोऱ्यांत आज घंटा नाहीत. विजयानंतर त्यांतल्या अनेक घंटा मराठी मुलखात नेल्या गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा, वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावरची घंटा आणि भीमाशंकरची घंटा या त्या मोहिमेशी जोडल्या जातात. सेंट जोसेफचा रिकामा मनोरा पाहिल्यावर पुढे कधी मेणवलीला गेलात, तर त्या घंटेसमोर थोडा वेळ थांबावे.

११. नियम आणि परवानग्या

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस करणे, त्यावर नावे कोरणे किंवा त्याचा भाग काढून नेणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जमिनीवर पडलेला घडीव दगडाचा तुकडा किंवा खापर आठवण म्हणून उचलणेही यातच मोडते.

साध्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने छायाचित्रे काढायला अडचण नाही. लग्नापूर्वीचे छायाचित्रण, चित्रीकरण किंवा तिपाईवर कॅमेरा लावून काम करायचे असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि तिची प्रत सोबत ठेवावी. जागेवर पहारेकऱ्याला पैसे देऊन काम भागवू असे कोणी सुचवले, तर त्यास नकार द्यावा. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये.

१२. शेवट भूदरवाजाने

भूदरवाजा, म्हणजे ‘पोर्ता दा तेर्रा’, हा जमिनीच्या बाजूचा दरवाजा आहे. आजचा डांबरी रस्ता त्यातून न जाता तट फोडून आत येतो, त्यामुळे रस्त्यावरून येणाऱ्याला हा दरवाजा दिसतच नाही. थोडे बाजूला वळून तो मुद्दाम गाठावा लागतो. इथला मार्ग सरळ नसून वळणाचा आहे. दरवाजा फोडण्यासाठी शत्रूला वेगाने धाव घेता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. या वळणातून चालत बाहेर पडावे आणि एकदा मागे वळून तटाची उंची पाहावी.

इथून वसई गावाकडे रिक्षा मिळते. दुपारच्या वेळी रिक्षा कमी असतात, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे थांबण्याची तयारी ठेवावी. संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर अंधार पडण्यापूर्वी तटाबाहेर असावे. आत दिवे नाहीत आणि एकट्याने, विशेषतः मठांच्या बाजूला, रेंगाळू नये. गावातील बाजारात सुकेळी मिळाली तर अवश्य घ्यावी. वसईच्या वाड्यांत पिकलेली केळी उन्हात सुकवून ती करतात आणि पानात बांधून विकतात. तिथून शेअर रिक्षा किंवा बस थेट वसई रोड स्थानकाला जाते.